दोन शिक्षकी शाळेत शनिवारी नक्की करायचं काय?

माणदेशी_पालक
नमस्कार मंडळी. आमच्या वस्तीवर झेडपीची शाळा आहे, पहिली ते चौथी, पट 31, गुरुजी दोन. मी यंदा शाळा व्यवस्थापन समितीत आलोय. (समितीत 75 टक्के पालक असावेत असा कायदा आहे, प्रत्यक्षात आम्ही सहीपुरतेच, ते जाऊ द्या.) 2024 पासून ते आनंददायी शनिवार सुरू झालंय ना, दप्तर नाही, योगासनं, रस्ता सुरक्षा, पैशाचे व्यवहार, खेळ वगैरे. कल्पना चांगली आहे पण आमच्याकडे काय होतं तर एक गुरुजी मीटिंगला नाहीतर ऑनलाइन माहिती भरण्यात, दुसरे चारही वर्ग एकत्र बसवतात, पंधरा मिनिटं प्राणायाम, मग चित्र काढा, फोटो ग्रुपवर, संपलं. गुरुजींना दोष देत नाही, माणूस एक आणि वर्ग चार. पण पोरं आता शनिवारी दांडी मारायला लागलीत, आणि बाया म्हणतात शिकवत नाहीत तर कशाला पाठवायचं, शेरडं तरी राखतील. खर्चाला म्हणाल तर वर्गणीचे दोनेक हजार निघतील. प्रोजेक्टर आणा, अमुक किट घ्या असलं सांगू नका. असं काय करता येईल जे आम्ही पालक पण चालवू शकतो?

खडू_फळा_निवृत्त
33 वर्षं झेडपीत काढली, त्यातली 11 एकशिक्षकी, त्यामुळे तुमच्या गुरुजींची गत समजते. पहिलं सांगतो, दर शनिवारी नवीन काहीतरी हा हट्ट सोडा. आज मातीकाम उद्या ओरिगामी परवा अजून काही, यात फोटो बदलतात आणि पोरांच्या हाताला काहीच लागत नाही. दोनच गोष्टी धरा आणि वर्षभर ओढा.

माझ्या शाळेत चाललेली गोष्ट म्हणजे बाजार. वर्षातून एकदा पाहुणे बोलवून फीत कापतात तो बाल आनंद मेळावा नव्हे, महिन्यातून एक शनिवार, शाळेच्या व्हरांड्यात, गिऱ्हाईक म्हणजे वस्तीवरच्याच बाया. पोरं घरून मेथी, लिंबं, शेवगा, अंडी असं आणायची. चौथीचा एक गडी कोथिंबिरीच्या 12 जुड्या घेऊन बसला, दहाला एक, सगळ्या खपल्या. विचारलं नफा किती, म्हणाला सगळाच नफा, कोथिंबीर आमच्याच रानातली आहे. मग फळ्यावर मांडायला बसलो, धने कितीचे, पाणी कुणी दिलं, आईनं खुरपलं त्याची मजुरी धरायची का. तिथं दोन पोरींचं भांडण लागलं, एक म्हणे आईला कुठं कोण पैसे देतं, दुसरी म्हणे दुसऱ्याच्या रानात गेली तर देतात की. तासभर गेला! नफा-तोट्याची गणितं पुस्तकातून शिकवायला मला जेवढे दिवस लागायचे त्याच्यापेक्षा हे स्वस्तात पडलं. पहिली-दुसरीला सुट्टे पैसे मोजायला द्या, पन्नासच्या नोटेतून पस्तीस वजा करणं वहीत येत नाही त्यांना पण समोर बाई उभी असली की येतं.

फक्त पालकांनी बाजारात नाक खुपसायचं नाही. भाव पोरं ठरवतील, पडला तर पडला.

पोरगी_तिसरीत
मी पुण्यातून. आमच्या शाळेत एनरिचमेंट नावाखाली रोबोटिक्स, अबॅकस, पब्लिक स्पीकिंग असं सगळं आहे, फी वेगळी, आणि माझी मुलगी घरी आल्यावर काय केलं विचारलं की सांगते "बसलो होतो". त्यामुळे तुमचं काही फार कमी पडतंय असं समजू नका दादा. एक खरंच फुकट मिळणारं सांगते, प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर, मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत, डाउनलोड करून प्रिंट काढता येतात, परवानगीची भानगड नाही. दोन हजारातले निम्मे झेरॉक्सवर घाला. आणि अरविंद गुप्तांची कचऱ्यातून खेळणी, त्यांच्या साइटवर सगळं उघडं ठेवलंय, काडेपेटी, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, स्ट्रॉ एवढ्यावर भागतं. आम्ही सोसायटीत उन्हाळ्यात व्हॉल्व्ह ट्यूब आणि काड्यांचे त्रिकोण-चौकोन केले होते, चौकोन दाबला की वाकडा होतो आणि त्रिकोण होत नाही, मग पोरं गच्चीवर जाऊन टॉवरमधले त्रिकोण मोजत बसली.

स्पष्टच_बोलतो
राग येईल पण बोलतो. आधी पोरांना वाचता येतंय का बघा. तिसरीच्या पोराला जोडाक्षर येत नाही आणि आपण बाजार भरवतोय. शहरातली पोरं नवोदयची (सरकारी निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेची) तयारी चौथीपासून करतात. शनिवारी सरळ सराव घ्या, गरिबाच्या पोराला परीक्षेशिवाय दुसरी शिडी नाही.

दुर्गम_बदली
@स्पष्टच_बोलतो सर, मी स्वतः नवोदयमधून शिकलेय त्यामुळे परीक्षेला नावं ठेवणार नाही. पण जोडाक्षर न येणाऱ्या पोराला सोमवार ते शुक्रवार जे कळलं नाही तेच शनिवारी परत दिलं तर तो यायचाच बंद होतो, माझ्या वर्गात झालंय हे. त्याला वाचण्यासारखं काहीतरी पाहिजे. शाळेतलं पुस्तकांचं कपाट बघा, नव्वद टक्के शक्यता आहे की कुलूप आहे, कारण पुस्तक हरवलं तर भरून कोण देणार ही भीती असते आम्हाला. समितीनं ठराव करून लिहून द्या की फाटलं-हरवलं तर शिक्षकांकडून वसुली नाही. एवढ्यानं कपाट उघडतं. चावी चौथीच्या पोरीकडे द्या, नोंदवही तिच्याकडे. आणि जोड्या लावा, मोठं पोर लहानाला वाचून दाखवेल. खेड तालुक्यातली जालिंदरनगरची शाळा बघा, 2025 ला जगभरातल्या शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांवर बक्षीस मिळवलं तिनं, तिथंसुद्धा मुलांनी मुलांना शिकवायचं, विषयमित्र म्हणतात. दोन शिक्षकी शाळेत आपल्याला दुसरा इलाज पण नाही.

अजून एक, काठीची सावली. मैदानात काठी रोवायची, दर अर्ध्या तासाला सावलीच्या टोकाला खडा ठेवायचा. हे मात्र शनिवारी करू नका, सकाळची शाळा असते त्यामुळे सावली सगळ्यात लहान व्हायच्या आतच पोरं घरी. मधल्या वारी करा. सगळ्यांना वाटतं बाराला सर्वात लहान होईल, होते साडेबाराच्या आसपास, कारण आपलं घड्याळ तिकडं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला. चौथीच्या पोरांना रेखांश नाही सांगितला तरी चालतो, घड्याळ चुकतंय का सूर्य यावर भांडू द्या.

खडू_फळा_निवृत्त
मॅडमनी ठरावाचं लाख मोलाचं सांगितलं. आणि पालक दादा, तुम्ही माणदेशातले ना? मग वस्तीवर मेंढपाळ असतीलच, गजी (धनगरांचा नाच) नाचणारे पण असतील. गॅदरिंगला सिनेमाची गाणी बसवण्यापेक्षा त्यातल्या एका म्हाताऱ्याला बोलवा. भाषण मात्र करायला लावू नका, काम करायला लावा.

माणदेशी_पालक
सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितोय. ठराव झाला. कपाटात 140 पुस्तकं निघाली, निम्म्यांची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. परवाच्या शनिवारी आमच्या चुलत्यांना बोलवलं, 70 च्या पुढचे, मेंढरामागं आयुष्य गेलेलं. ते काही बोललेच नाहीत हो. लोकर काढून बसले आणि कातायला लागले, पोरं आपोआप भोवती गोळा. एकानं विचारलं तुम्ही मेंढरं मोजता कशी, तर म्हणाले मोजत नाही, तोंडं बघतो, कोण नाही ते कळतं. यावर गुरुजींसकट सगळे गप्प. दुसरे गुरुजी फोटो काढायचे विसरले, मग चुलते उठून निघाल्यावर त्यांना परत बसवून काढला.

बाजार पुढच्या महिन्यात. नवोदयचा सराव पण ठेवलाय पण आठवड्यातून दोन दिवस शाळा सुटल्यावर, ज्याला बसायचं त्यानं.

अडचण एकच, पुस्तकं पहिल्या आठवड्यात 19 गेली, 18 परत आली. एक शेळीनं खाल्लं. आता हातधुण्याच्या पाण्यावर मेथीचे दोन वाफे करायचेत तर हीच शेळी तिथं पण येणार. कुंपणाला बाभळीच्या फांद्या टाकल्या तर पोरांना काटे लागतील का?

दुर्गम_बदली
लागतील. जुन्या साड्या बांधा गोल, आमच्याकडे रानडुकरांसाठी बांधतात. शेळीचं मात्र सांगता येत नाही, साडी पण खाईल.