सी-प्रॉम्प्टवर तुम्ही बांधलेला पहिला मेनू: अनुभव लिहा

१९८१ मध्ये आयबीएम पीसी आला आणि पुढे आपल्याकडच्या कचेऱ्यांतही त्या घराण्यातली यंत्रं आली. ती चालायची डॉस या प्रणालीवर. चालू केलं की काळा पडदा, त्यावर ‘सी’ आणि एक बाण, हाच सी-प्रॉम्प्ट. पुढे काय टाइप करायचं हे ज्याला ठाऊक, यंत्र त्याचंच. म्हणून आपल्यापैकी कित्येकांनी ऑफिसातल्या, दुकानातल्या, घरातल्या माणसांना मेनू, म्हणजे आकडा दाबला की हवा तो प्रोग्रॅम उघडणारी यादी, बांधून दिला असणार. कोणासाठी बांधलात, कसा बांधलात, कुठे अडलं, ते सविस्तर लिहा. सुरुवात मी करतो.

१९८९. पुण्यात एका सीएंकडे आर्टिकलशिप करत होतो. ऑफिसात त्याच घराण्यातला एक एक्सटी, २० एमबीची हार्ड डिस्क. आमचे टायपिस्ट काका तीस वर्षं टाइपरायटरवर बसलेले. बोटं अशी चालायची की बघत राहावं. पण त्या बाणासमोर ते हात मांडीवर ठेवून बसायचे. मला ते बघवेना.

एका शनिवारी दुपारी थांबलो. ‘कॉपी कॉन’ कमांडने थेट कीबोर्डवरून एकेक फाइल लिहिली, एफ६ दाबून बंद केली. मेनू.टीएक्सटीमध्ये चार ओळी: १ वर्डस्टार, २ लोटस, ३ डीबेस, ४ बंद. म्हणजे टायपिंग, हिशेबाचे तक्ते आणि नोंदी. मग १.बॅट, २.बॅट अशा बॅच फाइली, म्हणजे ओळीने चालणाऱ्या कमांडच्या याद्या. त्यात त्या त्या डिरेक्टरीत जायचं, प्रोग्रॅम चालवायचा, संपला की मुळावर परत येऊन पुन्हा मेनू. यंत्र सुरू होताना आपोआप चालणाऱ्या ऑटोएक्झेक.बॅटच्या शेवटी ‘मेनू’ हा शब्द. आणि प्रॉम्प्ट कमांडने तो ‘सी’ काढून तिथे रोमन अक्षरांत लिहिलं, ‘क्रमांक द्या’.

सोमवारी काका बसले, एक दाबलं, एंटर केलं. पडद्यावर ‘बॅड कमांड ऑर फाइल नेम’, म्हणजे अशी कमांड किंवा फाइल नाही. मी बसलो, एक दाबलं, वर्डस्टार उघडलं. पुन्हा काका. पुन्हा तेच. अर्धा तास मी फाइली तपासत होतो. शेवटी त्यांच्या मागे उभा राहून नुसती बोटं बघितली. उजव्या हाताची अनामिका जागची न हलता खाली गेली. काका एक नव्हे, छोटा एल दाबत होते! त्यांच्या टाइपरायटरला एकचं बटणच नव्हतं. अशी बरीच यंत्रं असायची, एकच्या जागी एलच मारायचा. पडद्यावर तर दोन्ही जवळपास सारखेच दिसत.

मी १.बॅटची कॉपी करून एल.बॅट केली. दोन मिनिटांचं काम. तीस वर्षांची सवय मोडायला लावणं मला चुकीचं वाटलं आणि अजूनही वाटतं.

*

मी कोल्हापुरात संगणक वर्गात शिकवायचे. मुलांना एंटर न मारता नुसत्या एका बटणावर मेनू चालायला हवा होता. असं एकच बटण वाचणारी ‘चॉइस’ कमांड १९९३ च्या डॉस ६ बरोबर आली, आमच्याकडे डॉस ३.३ होतं. तेव्हा डॉसबरोबरच्या ‘डीबग’मध्ये यंत्राच्या भाषेत आठ बाइटचा प्रोग्रॅम लिहायचा: बी४ ००, सीडी १६, बी४ ४सी, सीडी २१. पहिल्या अर्ध्या भागात बायोस, म्हणजे यंत्रातला मूळ प्रोग्रॅम, बटणाची वाट पाहतं, दुसऱ्या अर्ध्यात त्या बटणाचा आस्की क्रमांक, म्हणजे त्या अक्षराचा ठरलेला आकडा, एरर-लेव्हल या नावाने बॅच फाइलकडे जातो. एकचा ४९, दोनचा ५०. आठ बाइट! अख्खा प्रोग्रॅम फळ्यावर एका ओळीत मावायचा.

पहिल्याच दिवशी मात्र मेनूतलं कुठलंही बटण दाबा, पहिलाच प्रोग्रॅम उघडे. कारण ‘इफ एरर-लेव्हल ४९’ म्हणजे ‘४९ असेल तर’ नव्हे, ‘४९ किंवा त्याहून जास्त असेल तर’. मी ४९ पासून चढत गेले होते, म्हणजे सगळी उत्तरं पहिल्या ओळीतच अडकत होती. मोठ्या आकड्यापासून उतरत यायचं असतं. त्यानंतर मुलांच्या प्रत्येक तुकडीला हे मी आधी चुकीचं लिहून दाखवलं, मग दुरुस्त केलं.

*

आमची शाळा विदर्भातली. १९८४-८५ मध्ये शाळांत संगणक शिकवायचा सरकारी ‘क्लास’ प्रकल्प सुरू झाला, त्यातले बीबीसी मायक्रो हे संगणक आमच्याकडे आले. डॉसचा संबंध नाही, पण मेनू होताच. फ्लॉपीवर ‘बिल्ड’ कमांडने ‘बूट’ नावाची फाइल करायची, नावाआधी उद्गारचिन्ह हवंच. आत ‘चेन मेनू’, म्हणजे मेनूचा प्रोग्रॅम चालव, एवढी एक ओळ, आणि सुरुवातीला हीच फाइल चालावी म्हणून फ्लॉपीला ‘ऑप्ट ४,३’ सांगून ठेवायचं. मग शिफ्ट धरून ब्रेक दाबला की मेनू हजर. आठवीतल्या मुलांना हे मंत्रासारखं पाठ झालं होतं. पडद्याच्या ‘मोड ७’ या प्रकारात दुप्पट उंचीची अक्षरं मिळत, फक्त तीच ओळ लागोपाठ दोनदा छापावी लागे. एकदाच छापली तर अक्षरांचं वरचं अर्धं अंगच दिसायचं.

*

डोंबिवली, १९९४. घरात एकच यंत्र, भावाला गेम आणि मला फॉक्सप्रो हा नोंदींचा प्रोग्रॅम. ६४० के मेमरीत दोघांचं एकत्र भागेना. डॉस ६ मध्ये यंत्र सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या कॉन्फिग.सिस फाइलमध्येच मेनू करून दोघांची मांडणी वेगळी ठेवता येते हे कळल्यावर भांडण मिटलं. दहा सेकंदांत कुणी काही निवडलं नाही तर माझा पर्याय, असं मोठा म्हणून मी ठरवून घेतलं होतं.

*

माझा मेनू बाबांसाठी. नगर जिल्ह्यात आमचं औषधांचं दुकान, साठ्याची नोंद डीबेसमध्ये. मेनूत आकडे पाचच होते, आणि शेवटचा मुद्दाम ९ ठेवला: दुकान बंद. बाकीच्या आकड्यांपासून लांब, चुकून बोट पडायला नको.

नऊ दाबलं की आधी फ्लॉपी घालायला सांगायचं, साठ्याच्या फाइली तिच्यावर उतरायच्या, मग डिस्क वाचणारं हेड पार्क व्हायचं, म्हणजे सुरक्षित जागी सरकायचं. त्या काळच्या आमच्या डिस्कचं हेड आपणहून बाजूला जात नसे. आधी पार्क करायचं, मगच बटण बंद. सहा फ्लॉप्या, सोमवार ते शनिवार, पाकिटांवर बाबांच्या अक्षरात वार. वर्षभरात फाइल ३६० केच्या पुढे गेली आणि एका फ्लॉपीत मावेना, तेव्हा मी बॅच फाइलमधली कॉपी कमांड काढून तिथे बॅकअप कमांड घातली. ती स्वतःच दुसरी फ्लॉपी मागायची. बाबांना फक्त सांगितलं, आता दोन घालायच्या. त्यांनी त्याच रात्री आणखी सहा पाकिटांवर वार लिहिले.

एकदा दुपारी वीज गेली, आली, आणि डिस्क वाचेचना. आदल्या रात्रीच्या फ्लॉप्यांतून सगळा साठा परत आला, गेली ती फक्त त्या सकाळची बिलं. ती बाबांनी कार्बन कॉपीवरून रात्री बसून भरली आणि मग नऊ दाबलं.

पुढे नवं यंत्र आलं, त्यावर विंडोज. मी माउस शिकवला, चित्रं दाखवली. बाबांनी चष्मा वर करून सगळा पडदा नीट बघितला आणि विचारलं, “ह्यात नऊ कुठंय गं?”

त्या संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आत मी बॅच फाइलचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवला, बाकीच्या चित्रांपासून लांब, खालच्या कोपऱ्यात. नाव दिलं ९.