‘ओव्हरव्हेल्म’ म्हणजे केवळ ‘भारावून जाणे’ नव्हे
‘ओव्हरव्हेल्म’ (overwhelm) या इंग्रजी क्रियापदासाठी मराठीत ‘भारावून जाणे’ हा प्रतिशब्द सुचवला जातो. सत्काराच्या भाषणात ते शोभते, परंतु या क्रियापदाचा पल्ला बराच मोठा आहे. त्यातील ‘व्हेल्म’चा मध्ययुगीन इंग्रजीतील अर्थ पालथे करणे, विशेषतः खोलगट भांडे एखाद्या वस्तूवर उपडे घालून ती झाकून टाकणे, असा होता, आपल्या खेड्यांत दिवेलागणीला कोंबड्यांवर डालगे पालथे घालतात, नेमकी तीच क्रिया. 14व्या शतकापासून आढळणाऱ्या ‘ओव्हरव्हेल्म’मध्ये उलटणे आणि झाकले जाणे एकत्र आले, आणि त्यातूनच पाण्याखाली बुडवणे, शत्रूला, मनाला वा यंत्रणेला पुरते दडपून टाकणे हे अर्थ निघाले. पाण्याखाली बुडवणे याच अर्थाचा त्याचा भाऊबंद ‘इनन्डेट’ (inundate) मात्र लॅटिनमधील लाट या अर्थाच्या ‘उंडा’वरून आला.

त्यामुळे गोदावरीच्या पुराने गंगाखेडकडचे शिवार गिळले काय, किंवा पीकविम्याची मुदत संपताना अर्जांच्या लोंढ्यापुढे सेवा केंद्रे हतबल झाली काय, इंग्रजीत दोन्हीकडे हेच क्रियापद चालते. मराठीत पहिल्या ठिकाणी ‘बुडवणे’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘आवाक्याबाहेर जाणे’ असेच लिहावे, असा माझा आग्रह आहे. शोकाच्या बातमीत ‘कुटुंबीय भारावून गेले’ असे भाषांतर तर कदापि करू नये. तेथे ‘दुःखाने कोलमडले’ हेच हवे.