‘आवाजी मतदान’ म्हणजे नेमकं काय?

बातमीत वाचलं, ‘विधेयक आवाजी मतदानाने मंजूर’. म्हणजे ज्यांचा घसा मोठा ते जिंकले का? आणि ‘एकमताने मंजूर’ म्हणजेही हेच का?

— ‘मतदान’ या शब्दाने घोळ केलाय. मतदान म्हटलं की मोजणी आलीच, असं आपण धरून चालतो. इथे मोजणी नसतेच. अध्यक्ष म्हणतात, ‘अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे’, मग ‘प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे’. दोन्ही गलके ऐकून ते अंदाज सांगतात : ‘होयचे बहुमत’. हे लागोपाठ दोन-तीनदा म्हणतात. कोणाला हरकत घ्यायची असेल, तर तेवढीच सवड. कोणी बोललं नाही, की प्रस्ताव संमत. कोण ‘होय’ म्हणालं, कोण ‘नाही’, याची नोंद उरत नाही.

‘एकमताने’ वेगळं. ‘आवाजी’ने रीत कळते, ‘एकमताने’ने निकाल. एकानेही ‘नाही’ म्हटलं, तर ते फक्त बहुमत. बातम्यांत हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी टाकतात, ते चूकच.

— आणि हरकत घेतली तर?

— तर मतविभागणी, म्हणजे मतांची प्रत्यक्ष मोजणी. विधिमंडळातल्या बोलण्यात ‘पोल मागितला’. लोकसभेत लॉब्या (सभागृहालगतच्या मोकळ्या जागा) रिकाम्या करायला सांगतात, घंटा वाजते, साडेतीन मिनिटांनी प्रश्न पुन्हा विचारतात. तरीही हरकत टिकली, तर मतं मोजतात. (निवडणुकीतली ‘मतविभागणी’ म्हणजे मतं फुटणं. शब्द तोच, अर्थ निराळा.) घटनादुरुस्तीला हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन-तृतीयांश आणि शिवाय एकूण सदस्यसंख्येचं बहुमत लागतं, ते कानाने कसं ठरवणार? तिथे आकडाच हवा.

— वाद होतो तो हरकत घेऊनही मोजणी झाली नाही की. १२ नोव्हेंबर २०१४ ला फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव विधानसभेत आवाजी मतदानाने संमत झाला, तेव्हा ‘आम्ही पोल मागत होतो’ अशी विरोधकांची तक्रार होती. २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत कृषी विधेयकांच्या वेळीही तेच. बहुमत होतं की नव्हतं हा वेगळा प्रश्न. मोजा म्हटल्यावर मोजावं, एवढंच माझं म्हणणं.

— हिंदीत ‘ध्वनिमत’ म्हणतात, तो जास्त नेटका वाटतो. ‘आवाजी’ हे विशेषण मी एरवी फक्त फटाक्यांना लावलेलं ऐकलंय!

— नेटका खरा, पण मराठीत ‘आवाजी’च रुळलाय. आणि सभागृहातला तो गलका ऐकलात तर फटाकेच बरे म्हणाल.