मदत हवी आहे : 'डॉक्युमेंट्स' म्हणजे अख्खा डी ड्राइव्ह होऊन बसला आहे

नमस्कार मंडळी,

मी देवगड तालुक्यात राहतो. आमची हापूसची बाग आहे. पेट्यांवरची लेबले, गिऱ्हाइकांची बिले, सातबाराचे स्कॅन केलेले उतारे आणि घरच्या लग्नकार्यांचे फोटो असे सारे काही एकाच डेस्कटॉप संगणकावर साठवलेले आहे. विंडोज ११ आहे. सी ड्राइव्ह म्हणजे १२० जीबीचा एसएसडी, जो विंडोजला १११ जीबीचाच दिसतो, आणि डी ड्राइव्ह म्हणजे १ टीबीची साधी हार्ड डिस्क. ऐन मे महिन्यात सी ड्राइव्हवर जेमतेम ४ जीबी जागा उरली होती. तेव्हा हंगाम उरकल्यावर डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स हे माझ्या खात्याचे फोल्डर डी ड्राइव्हवर हलवायचे असे ठरवले.

डॉक्युमेंट्सवर उजवी टिचकी देऊन प्रॉपर्टीजमधील लोकेशन या टॅबवर गेलो, 'मूव्ह' दाबले आणि नवी जागा म्हणून थेट डी ड्राइव्हच निवडला. आधी तिथे वेगळा फोल्डर करून तो निवडायला हवा होता, हे मागाहून कळले. दरम्यान डाउनलोड्सलाही मी तीच जागा देऊन बसलो होतो. आता यांपैकी कोणताही फोल्डर उघडला तरी अख्खा डी ड्राइव्ह समोर येतो. 'रिस्टोअर डिफॉल्ट' दाबले, तर जुन्या जागेवरच्या सगळ्या फाइली नव्या जागी न्यायच्या का, असे विचारले जाते. डी ड्राइव्हवर सुमारे ४०० जीबी माल आहे, त्यामुळे 'होय' म्हणायची छाती झाली नाही. 'नाही' म्हटले, तर त्याच जागी दुसरा फोल्डर असल्यामुळे हा हलवता येत नाही, अशा अर्थाची सूचना येऊन गाडे तिथेच अडते.

शेजारचा मुलगा म्हणतो की रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदवहीत, प्रोफाइल्स-डिरेक्टरी नावाची नोंद बदलून संपूर्ण युजर्स फोल्डरच डी ड्राइव्हवर न्यावा, म्हणजे एकेक फोल्डर हलवण्याची कटकट राहणार नाही. हे करावे का? आणि आमच्याकडे पाऊस सुरू झाल्यापासून लाईटचा काही भरवसा नाही. यूपीएस आहे, पण तो दहा मिनिटांच्या वर टिकत नाही. फाइली हलत असताना लाईट गेली तर काय होईल, ही धास्ती वेगळीच.

प्रतिसाद १

आपण 'होय' दाबले नाही, हे उत्तम केले. फाइली जागच्या जागी सुरक्षित आहेत. बिघडला आहे तो फक्त त्यांचा पत्ता.

शेजारच्या मुलाचा सल्ला मात्र मानू नये. ती नोंद बदलली तरी तिचा परिणाम पुढे तयार होणाऱ्या नव्या खात्यांवर होतो, आपले चालू खाते आहे तिथेच राहते. शिवाय प्रोफाइल, म्हणजे खात्याचा मुख्य फोल्डर, सिस्टिमच्या ड्राइव्हबाहेर नेल्यास विंडोजची पुढची आवृत्ती बसवताना अडथळा येतो, असे मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवले आहे. प्रोफाइलमध्ये ॲपडेटा नावाचा लपवलेला फोल्डरही असतो. त्यात प्रोग्रॅमची सेटिंग्ज असतात आणि स्वतःकडेच परत नेणारे काही जोडदुवेही असतात, त्यामुळे तो अजाणता कॉपी केला तर फोल्डरात फोल्डर अशी न संपणारी माळ तयार होते. तो सी ड्राइव्हवरच राहू द्यावा.

आता उपाय. सर्वप्रथम वनड्राइव्हचे (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवण सेवेचे) फोल्डर-बॅकअप चालू असल्यास ते बंद करा, नाहीतर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स यांच्या पत्त्यांवर तेही हक्क सांगते आणि गोंधळ दुप्पट होतो. नंतर डी ड्राइव्हवर प्रत्येकासाठी वेगळा फोल्डर करा. नावे रोमन लिपीत ठेवलेली बरी, कारण लेबले छापण्याचा आपला प्रोग्रॅम जुना असेल तर देवनागरी नावाच्या वाटेवर तो अडखळू शकतो. मग रजिस्ट्री एडिटर उघडून 'करंट युजर'खाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, एक्सप्लोरर असे उतरत 'युजर शेल फोल्डर्स'पर्यंत जा आणि काही बदलण्याआधी ती नोंद एक्सपोर्ट करून ठेवा. तिथे डॉक्युमेंट्स हे नाव सापडणार नाही. त्याचे जुने नाव 'पर्सनल' आहे आणि या नावाने भले भले चकतात. डाउनलोड्सची नोंद तर महिरपी कंसातल्या, ३७४ पासून सुरू होणाऱ्या लांबलचक सांकेतिक क्रमांकाच्या रूपात असते. या दोन्हींपुढे नुसता डी ड्राइव्ह लिहिलेला दिसेल, तिथे नव्या फोल्डरांचे पूर्ण पत्ते लिहा आणि संगणक पुन्हा सुरू करा. नंतर डी ड्राइव्हवरच्या फाइली स्वतः निवडून त्या त्या फोल्डरात टाका. एकाच ड्राइव्हवर हलवताना फाइलचा फक्त पत्ता बदलतो, त्यामुळे त्याला वेळ लागत नाही.

पिक्चर्स अजून सी ड्राइव्हवर असेल तर तेथे लाईटचा प्रश्न खरा आहे. आधी सगळे फोटो साध्या कॉपीने डी ड्राइव्हवर घ्या, संख्या आणि आकार जुळवून पाहा, मग लोकेशन बदला आणि फाइली हलवू का या प्रश्नाला 'नाही' म्हणा. मधेच लाईट गेली तरी मूळ फाइली सी ड्राइव्हवर शाबूत राहतील.

एक विषयाला धरूनच सांगतो. डी ड्राइव्हवर नेणे म्हणजे बॅकअप नव्हे. मी चिपळूणचा आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात माझे सी आणि डी एकाच डब्यात, एकाच पाण्याखाली होते.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

आपले मनःपूर्वक आभार. 'पर्सनल' आणि तो सांकेतिक क्रमांक दोन्ही सापडले आणि पत्ते बदलल्यावर दोन्ही फोल्डर आपापल्या जागी उघडू लागले आहेत. सातबाराच्या फाइली वेगळ्या काढताना एक अख्खी दुपार गेली, कारण मी प्रत्येकीला 'स्कॅन' एवढेच नाव दिले होते. फोटोंची कॉपी रात्री लावली होती, मधे दोनदा लाईट गेली, तरी सी ड्राइव्हवरचे सारे जागेवर होते. आता एकच शंका आहे. लेबलांचा प्रोग्रॅम फाइल उघडताना अजूनही जुनाच पत्ता दाखवतो. त्याच्या सेटिंग्जमध्ये हाताने बदल करावा लागेल, की प्रोग्रॅम काढून पुन्हा बसवावा लागेल?

प्रतिसाद २

पुन्हा बसवू नका. असे जुने प्रोग्रॅम शेवटची वापरलेली जागा स्वतःकडे लिहून ठेवतात. एकदा 'सेव्ह ॲज' करून नव्या डॉक्युमेंट्समध्ये फाइल साठवून पाहा, आणि तरीही जुनाच पत्ता आला तर प्रोग्रॅमच्या पर्यायांमध्ये फाइली ठेवण्याची जागा बदलून घ्या.