एसटीपीला (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटला) कोटी मिळतात, मग घराच्या गटार-जोडणीला का नाही?

साळकाठ:
केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा 2021 चा अहवाल बघा, देशातल्या शहरांचं सांडपाणी रोज 72,368 दशलक्ष लिटर, प्लांटची क्षमता 31,841 आणि प्रत्यक्षात शुद्ध होतं फक्त 20,236. म्हणजे जे बांधलंय तेसुद्धा पूर्ण वापरात नाही. आपली गोव्यातली साळ नदी त्याच मंडळाच्या प्रदूषित पट्ट्यांच्या यादीत आहे. गटार दारासमोरून जातं पण अंगण फोडणं, चेंबर, प्लंबर हा सगळा खर्च घरवाल्याच्या गळ्यात, मग जोडणी घेणार कोण? नवीन प्लांटच्या निविदा काढायच्या आधी योजनेच्या पैशातूनच घरं जोडून द्या, असं माझं ठाम मत आहे.

हिशेबी फोंडेकार:
नाही पटलं. मुख्य लाइन आणि पंपिंग स्टेशनच नसेल तर घरं जोडणार कशाला? पणजीतल्या टोंकाचा 12.5 एमएलडीचा (रोज 12.5 दशलक्ष लिटरचा) प्लांट झाला म्हणून तिथे जोडण्यांचा विषय तरी निघतो. एवढा पैसा एकरकमी कुठली पालिका उभा करणार, म्हणूनच 2007 मध्ये पाणी आणि मलनिस्सारणासाठी जपानचं कर्ज घ्यावं लागलं. आधी मोठं काम, मग घर.

विहीरवाली:
दोघेही पाइपच्याच गोष्टी करताय, आमच्या वाड्यावर पाइप कधी येणार? इथे जांभा दगड, पावसात पाणी वर येतं, सोक पिट (संडासाचं पाणी जिरवायचा खड्डा) आणि विहीर एकाच आवारात, आणि टाकी भरली की टँकरवाला मैला उपसून कुठे ओततो कोणी विचारत नाही. वाई आणि सिन्नरने काय केलं बघा, सेप्टिक टाकी भरायची वाट न बघता पालिका पाळीपाळीने तीन वर्षांतून एकदा उपसते, मैल्यासाठी वेगळा प्लांट आहे आणि खर्च कराच्या रूपाने थोडाथोडा गोळा होतो. मोठ्या एसटीपीपेक्षा खूप स्वस्तात होतं हे.

हिशेबी फोंडेकार:
ताई, वाईला कळंगुटसारखे पर्यटक नाहीत. किनारपट्टीवर एकेका हॉटेलचं पाणी किती, तिथे टँकर पुरणारच नाही, गटारच लागणार. आणि कराचं म्हणाल तर मलेशियाने 1994 मध्ये हे काम खाजगी कंपनीला दिलं, लोकांनी बिलंच भरली नाहीत, 2000 मध्ये सरकारला ती परत ताब्यात घ्यावी लागली.

साळकाठ:
किनारपट्टीचं मान्य, तिथे गटारच हवं. पण मलेशियाचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं ना भाऊ, प्लांट असूनही रोजचा खर्च कोण देणार हे ठरलं नव्हतं! ब्राझीलने 2001 पासून प्रोडेस योजनेत वेगळी अट घातली, केंद्राचे पैसे बँकेत अडकवून ठेवायचे आणि पाणी ठरल्याप्रमाणे शुद्ध होतंय हे दिसलं की हप्त्याहप्त्याने सोडायचे, नुसतं काँक्रीट ओतलं म्हणून नाही. आपल्याकडे ठेकेदाराचं बिल बांधकामावर निघतं, मग घरं जोडली गेली काय, न गेली काय.

हिशेबी फोंडेकार:
अट चांगली आहे पण मग बांधकामाला आधी कर्ज काढायचं कोणी? छोट्या पालिकेला बँक दारात उभी करत नाही. हप्त्याची अट देखभालीच्या ठेक्याला लावा, बांधकामाला नको.

विहीरवाली:
देखभालीला तर लावाच. पण टँकर कुठे रिकामा होतो त्याची नोंद पंचायतीने ठेवायला कर्जही लागत नाही, पुढच्या ग्रामसभेत मी हे मांडणार आहे, ज्यांना जमेल त्यांनी आपल्या पंचायतीत मांडा.