स्तंभालेख आणि आयतालेख, एकच का?

सोसायटीचा सर्व्हे झालाय, आता नोटीस बोर्डावर मराठीत आलेख लावायचेत. दोन प्रश्न होते, पिण्याचं पाणी कुठलं (नळ, फिल्टर, जार) आणि घरातल्या प्रत्येकाचं वय. एक्सेलमध्ये दोन्हीचे उभे दांडे काढले तर दहावीतले चिरंजीव म्हणतात पहिला स्तंभालेख आणि दुसरा आयतालेख. मला तर दोन्ही बार चार्टच दिसतात. खरंच फरक आहे की पुस्तकवाल्यांची हौस?

> फरक आहे आणि चांगला मोठा आहे. नळ, फिल्टर, जार यांच्यात मागचा-पुढचा कोणी नाही, जार आधी काढला काय नि शेवटी काढला काय, म्हणून दांड्यांत फट ठेवायची आणि नुसती उंची बघायची. वयाचं तसं नसतं ना, १०-२० संपलं की लगेच २०-३० सुरू, मधे जागाच नाही, म्हणून दांडे चिकटून. आणि 'आयत' का, तर इथे क्षेत्रफळ मोजायचं असतं. समजा बाकी गट १० वर्षांचे आणि ६०-९० असा एकच मोठा गट केला, त्यात ३० माणसं निघाली, तर रुंदी तिप्पट झाली म्हणून उंची १० घ्यायची, ३० नाही. नाहीतर बोर्ड बघणाऱ्याला वाटेल बिल्डिंग म्हाताऱ्यांचीच आहे :)

> इंग्रजीतही दोन शब्द आहेतच की. बार चार्ट (स्तंभालेख) विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश लेखकाने १७८६ च्या आपल्या आलेखांच्या अ‍ॅटलासमध्ये छापला, हिस्टोग्राम (आयतालेख) हे नाव संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनने दिलं, तेही शंभरेक वर्षांनी. बाकी आमच्या ऑफिसात सगळ्याला 'ग्राफ' म्हणतात, विषय संपला.

> वयाचे गट १०-१९, २०-२९ असे घेतले असतील तर पुस्तकातल्यासारखं ९.५-१९.५ करून सलग करू नका. आपण पूर्ण झालेली वर्षं सांगतो, उद्या विसावा वाढदिवस असलेला पोरगा आजही १९ च सांगणार. म्हणजे तो गट सरळ १० ते २० चा.

> आणि आकडा दिसला की आयतालेख असंही नाही हां. फ्लॅट नंबर, पिनकोड हे आकड्यातलं नावच, त्यांची सरासरी काढून कुणाचं भलं झालंय.

मग पाण्याला वृत्तालेख काढू का? कमिटीला तो गोल फार आवडतो.

> फॉर्ममध्ये एकच टिक करता येत होती का? फिल्टर आणि जार दोन्ही निवडता येत असेल तर टक्क्यांची बेरीज १०० च्या वर जाते आणि ३६० अंशात ते बसवणार कसं? मग स्तंभालेखच बरा.

चेकबॉक्स होते, म्हणजे गोल बाद. वयाचा मोठा गट मोडून ६०-७०, ७०-८०, ८०-९० केला तर चालेल ना?

> चालेल काय, धावेल. फक्त एक्सेलमध्ये गॅप विड्थ, म्हणजे दांड्यांमधली फट, शून्य करा.