मोंगखोन ‘स्वतःच घाला, स्वतःच काढा’ म्हणणाऱ्यांसाठी

कोपरेवाला (धागाकर्ता)

परवा इथे एकांनी ठोकून दिलं: मुआय थाईतला (थाई मुष्टियुद्धातला) मोंगखोन म्हणजे डोक्यावरची शोभेची दोरी, ऑनलाइन मागवा, स्वतः चढवा, रिंगमध्ये दोन गिरक्या मारा, स्वतः उतरवा, हौशी स्पर्धांत तर बंदच करा, लढतीमागे पाच मिनिटं फुकट जातात. खाली अंगठ्यांचा पाऊस. प्रतिसादाच्या खोक्यात मावेना म्हणून वेगळा धागा काढतोय.

मोंगखोन लढणाऱ्याच्या मालकीचा नसतोच मुळी. तो ख्रूचा (गुरूचा) किंवा कॅम्पचा (तालमीचा). एकच मोंगखोन वर्षानुवर्षं त्या कॅम्पच्या दहा-वीस डोक्यांवर फिरतो. एरवी तो देवाच्या फळीवर किंवा निदान डोक्याच्या वरच्या उंचीवर टांगलेला. प्रवासात वेगळ्या पिशवीत, सामानाच्या सगळ्यात वर; ग्रोइन गार्ड आणि घामट शिन पॅडच्या गोणीत नव्हे. जमिनीवर तर कधीच नाही.

आता क्रम बघा. पट्ट्या, हातमोजे, तेल, व्हॅसलिन सगळं झालं की लढणारा मान झुकवून उभा राहतो, ख्रू दोन्ही हातांनी मोंगखोन चढवतो, ओठांतल्या ओठांत मंत्र पुटपुटतो. मग वरच्या दोरावरून रिंगमध्ये. मोंगखोन असलेलं डोकं कशाच्याही खालून जाऊ द्यायचं नाही. उजवा मोजा वरच्या दोरावर ठेवून रिंगची फेरी, चारही कोपऱ्यांत थांबून नमस्कार. मग मध्यभागी गुडघ्यांवर, तीनदा डोकं टेकणं, आणि तिथून राम मुआय, म्हणजे लढतीआधीचा नाच. संपल्यावर आपल्या कोपऱ्यात परत, पुन्हा मान खाली, ख्रू मंत्र म्हणून मोंगखोन उतरवतो, काहीजण टाळूवर फुंकर घालतात. मग फुलांचा हार उतरतो, माउथगार्ड तोंडात जातं. ख्रूने घातलं, ख्रूनेच काढलं, मध्ये शिष्य एकटा सगळ्यांसमोर. मोंगखोनची किंमत या देण्याघेण्यात आहे. स्वतःच घालून स्वतःच काढायचा असेल तर घरून टोपी घालून या की, कोण अडवतंय!

आणि शब्दाची चूकही काढतो. त्या पोस्टीत ‘रिंगला प्रदक्षिणा’ लिहिलंय. प्रदक्षिणेत मधली वस्तू उजव्या हाताला असते. इथे बहुतेकजण उलट फिरतात, उजव्या हाताला दोर.

नियमावली

असहमत. कोपरेवाले, लिहिलंय झकास, पण हा जो थायलंड तुम्ही रंगवलाय तो कॅम्पच्या फळीवर आहे, रिंगमध्ये नाही. 1999 च्या थाई मुष्टियुद्ध कायद्याखालचे नियम वाचा. पहिल्या फेरीआधी दोघांनी एकाच वेळी वाई ख्रू (ही सगळी गुरुवंदना) करायचं, मोंगखोन घालून करायचं, सोबत पी चवा (सनईसारखं वाद्य), छिंग (झांजा) आणि दोन ढोल. दंडाला ताईत-प्राजियात (मंतरलेली दंडपट्टी) चालतं, पण नीट झाकलेलं हवं. एकदा वस्तू कायद्यात शिरली की ती गणवेशात जमा झाली. ग्रोइन गार्डची गाठ मागे हवी आणि मोंगखोन डोक्यावर हवा, दोन्ही एकाच कागदावर.

दुसरं. फेब्रुवारी 2023 मध्ये हुआ हिनच्या राजाभक्ती पार्कात 3,660 जणांनी एकत्र वाई ख्रू करून गिनीज विक्रम केला. त्या 3,660 डोक्यांवर कुठल्या ख्रूने, कुठला मंत्र म्हणून मोंगखोन चढवला? थाई सरकार स्वतः त्याला पर्यटनाच्या पोस्टरवर बसवतं आणि तुम्ही एका ऑनलाइन खरेदीदारावर डाफरताय.

पुरंदरचा_गडी

+१ नियमावली. बाकी धागाकर्त्यांची जिलबी गोड आहे. 😄

सारामाप्रेमी

मंत्र-बिंत्र राहू द्या, हौशी स्पर्धांत जे संगीत वाजतं त्याबद्दल कुणीच का बोलत नाही? पेन ड्राइव्हवरचा सारामा (वाई ख्रू-लढतीचं संगीत)! पी चवावाला लढणाऱ्याकडे बघून वाजवतो. हा गुडघ्यावर असेपर्यंत लय संथ, उठला की ढोल सावरून घेतात, संपत आला की सूर उतरवतात. क्लोंग खेक ढोलांची जोडी असते, एक चढ्या आवाजाचा, एक खर्जातला, आणि छिंग ताल धरून ठेवतो. लढत सुरू झाली की तेच वादक वेग वाढवत नेतात, शेवटच्या फेऱ्यांत तर ढोलच लढणाऱ्यांना पुढे ढकलतात. रेकॉर्डिंगमध्ये काय होतं? पोरगं तीन मिनिटांत उरकून कोपऱ्यात गेलेलं, ट्रॅक चालूच; किंवा पोरगं अजून बसलेलं आणि ट्रॅक संपून स्पीकरवर शांतता. मग पंच हातवारे करतो, पोरगं गडबडतं, एक डोकं टेकणं खातं. पाच मिनिटं ‘फुकट’ जातात ती यामुळे. वादक आणा, तीन-चार माणसं पुरतात.

कोपरेवाला

@नियमावली, नियमाने सक्ती केली म्हणून अर्थ संपत नाही. लग्नाची नोंदणी कायद्याने होते, म्हणून काय मंगळसूत्र सरकारी शिक्का झालं का?

आणि राम मुआय नुसतं नाचणंही नाही. राम मुआयमधली यांग साम खुमची पावलं टाकताना पायाला कॅनव्हास कळतो: कुठे ओलं आहे, कुठे शिवण उचललीय, कुठली फळी बसकी आहे. फेरी मारताना हाताला दोराचा ताण कळतो. सैल दोरावर पाठ टेकवून टीप (पायाने ढकलणारी लाथ) मारायला गेलात तर मागे कलंडाल. फ्रोम नावाच्या बसलेल्या टप्प्यात मांडी-कंबर सुटते, खांदे फिरतात. एअरकंडिशनमध्ये अर्धा तास बसून थंड पडलेल्या माणसाला हे लागतंच. पट्टीचे जुगारी उगाच नाही त्या वेळी डोळे वटारून बघत. कोण ताठरलंय, कोणाची मांडी दुखतेय, तिथे दिसतं.

नियमावली

म्हणजे मोंगखोनचं समर्थन करायला वॉर्मअप आणि दोराचा ताण. हे सगळं मोंगखोन न घालताही होतं, साहेब. तुम्हीच माझा मुद्दा मांडलात, आभार.

अनुराधा_क

इथे ‘वरच्या दोरावरून रिंगमध्ये’ असं एका वाक्यात उरकलंय, ते कोणासाठी? बायकांसाठी नाही. थायलंडच्या बऱ्याच रिंगमध्ये बाई आजही सगळ्यात खालच्या दोराखालून सरपटत आत जाते. त्यामुळे मोंगखोनचा क्रमही उलटतो. दोराखालून नेला तर त्याचं पावित्र्य ‘उतरतं’, म्हणून बऱ्याच ठिकाणी ती आधी आत शिरते, उभी राहते, मग ख्रू चढवतो. अनेक कॅम्पमध्ये पुरुषांचा मोंगखोन तिला लावतच नाहीत, वेगळा ठेवतात, आणि पुरुषांच्या मोंगखोनला तिने हातही लावायचा नाही. कारण? मासिक पाळी. रिंगखाली आणि कोपऱ्यांत मंतरलेल्या वस्तू असतात, त्या निष्प्रभ होतील म्हणे.

बँकॉकचं लुंपिनी स्टेडियम 1956 ला सुरू झालं. तिथे बाईची पहिली लढत 2021 मध्ये. 65 वर्षं! ‘गुरुशिष्याचं देणंघेणं’ लिहिताना हे आठवत नाही?

कोपरेवाला

अनुराधाताई, अन्याय आहे, मान्य. पण धाग्याचा विषय मोंगखोन कोणी घालावा-काढावा हा आहे. दोराचा स्वतंत्र धागा काढा, मी येतो तिथे.

अनुराधा_क

वा, ‘मान्य, पण बाहेर बोला’. हे वाक्य बायकांनी कधी ऐकलेलंच नाही, नाही का? शिंगणापूरच्या चौथऱ्यालाही 2016 पर्यंत हेच चाललं होतं: परंपरा आहे, वेगळी चर्चा करू.

विषय तोच आहे. मोंगखोनचं सगळं वजन ‘डोकं वर, बाकी खाली’ या उतरंडीवर उभं आहे. म्हणून पुरुष दोरावरून जातो, म्हणून जुन्या वळणाचा थाई पुरुष बायकांची लुंगी वाळत घातलेल्या दोरीखालूनही जात नाही. आता गंमत बघा. प्राजियातचं जुनं रूप काय? आईच्या लुंगीची फाडलेली पट्टी, त्यावर यंत्र लिहून दंडाला बांधलेली. सैनिकही आईच्या लुंगीचा तुकडा जवळ ठेवत. म्हणजे आईचं नेसूचं कापड संरक्षण देतं आणि इतर बायकांचं तेच कापड ताईत नासवतं. कोणीतरी समजावून सांगा.

गंगथडी

यात विसंगती नाहीये. थाई समजुतीत आईचे उपकार हे स्वतंत्र पुण्य आहे, त्या कापडात ते उतरलेलं मानतात. शेजारणीच्या कापडाशी तुमचं तसं नातं नाही. नात्यावर शुद्धाशुद्ध ठरणं आपल्याला नवीन आहे का? सोयरसुतक काय वेगळं असतं?

अनुराधा_क

समजलं. बाई आई असेल तर पवित्र, लढायला आली तर अपवित्र. खुलासा केल्याबद्दल धन्यवाद, गंगथडी. याहून स्पष्ट मलाही लिहिता आलं नसतं.

पुरंदरचा_गडी

धागा भरकटला. पॉपकॉर्न कुठाय?

नियमावली

भरकटलेला नाही, आत्ता कुठे रुळावर आलाय. लुंपिनीची बंदी कोणी उठवली? भिक्षूंनी? ख्रूंनी? ते स्टेडियम थाई लष्कराचं. मार्च 2020 मध्ये तिथूनच करोना पसरला, छीथू झाली, मग नवी घडी बसवताना बायकांच्या लढती आल्या. रिंगखालच्या मंतरलेल्या वस्तूंना कोणी विचारलं नाही. व्यवस्थापनाने ठरवलं, झालं. म्हणजे ही ‘पवित्र’ घडण बदलते, आणि बदलायला वरून आलेला एक निर्णय पुरतो.

मोंगखोनचंही तेच झालंय. दोरी गुंडाळलेल्या हातांच्या जमान्यात तो डोक्यावर ठेवूनच लढत. पडला तर उचलून परत घालत. 1928 मध्ये रिंगमध्ये एकाचा जीव गेला, दोरी जाऊन हातमोजे आले, फेऱ्या-घड्याळ आलं, आणि लढत सुरू व्हायच्या आधी मोंगखोन उतरवायची पद्धत रुळली. ज्या ‘क्रमा’ला तुम्ही कवटाळून बसलाय तो या आधुनिक रिंगबरोबर घडलेला आहे.

कोपरेवाला

घडलेला आहेच. आकाशातून पडला असं मी कुठे म्हटलं? आधुनिक आहे म्हणून खोटा, हे तुमचं लाडकं गृहीतक. तुमच्या हिशेबाने प्रत्येक गोष्ट एकतर वेदकालीन तरी हवी, नाहीतर कचऱ्यात.

नियमावली

वेद मी काढले नाहीत, तुम्ही काढले. चिडू नका, व्हॅसलिन लावा.

संपादक

व्यक्तिगत शेरे टाळावेत.

गंगथडी

अवांतर: दक्षिण थायलंडच्या मुस्लिम लढवय्यांचं उदाहरण इथे हवं होतं. त्यांतले बरेचजण जमिनीला डोकं टेकत नाहीत. फेरी मारतात, कोपऱ्यांत थांबतात, उभ्यानेच हात उघडे धरून दुआ मागतात आणि मग पावलं टाकतात. पंच अडवत नाहीत, प्रेक्षक हुर्यो करत नाहीत. म्हणजे सगळं काटेकोर पाळलं तरच वाई ख्रू, हे धागाकर्त्यांचं सोवळं खुद्द थायलंडात नाही. आणि मोडून टाका, हा नियमावलींचा उत्साहही नाही.

सारामाप्रेमी

आणि तिथे वादक असतात, म्हणून हे सगळं सांभाळून घेता येतं. ट्रॅकवर उभ्याची दुआ कशी बसवणार? बसा बोंबलत.

कोपरेवाला

बरं, ऑनलाइनवाल्यांना किमान काय बिघडतं ते तरी सांगतो, मग त्यांनी हवं ते डोक्यावर घ्यावं. बाजारातल्या बऱ्याच मोंगखोनांत आत तार असते, वर नायलॉनचं कापड. बॅगेत दबली की कडं लंबगोल होतं आणि परत गोल होत नाही. नायलॉन घाम शोषत नाही, कपाळावर तेल-व्हॅसलिन असतंच, तीनदा डोकं टेकताना सटकून भुवयांवर येतो. मोज्यांनी धड सावरताही येत नाही. सुती दोरा घट्ट वळून केलेला असेल तर पकडून बसतो. तो कपाळाच्या वर, कानांना न टेकता बसायला हवा, मागची शेपटी जराशी उचललेली. डोकं टेकताना हनुवटी आधी छातीकडे घ्यायची, कपाळ दोन मोज्यांच्या मध्ये. नाक पुढे काढून वाकलात की गेलाच. धुवायचा नाही, सावलीत वाळवायचा.

प्राजियातचं वेगळं. ते लढतीभर दंडावर राहतं, म्हणून तिथला घोळ महागात पडतो. आत एक बोट जाईल इतकं सैल. त्याहून घट्ट बांधलं तर दुसऱ्या फेरीत दंड भरून येतो, गार्ड खाली येतं. सैल ठेवलं तर क्लिंचमध्ये (एकमेकांना धरून झुंजताना) कोपरापर्यंत घसरतं आणि पंच लढत थांबवून बांधायला लावतो. टोकं आत खोचा, लोंबती ठेवू नका. आणि कृपा करून पिवळं-हिरवं प्राजियात बांधून ‘मी अमुक लेव्हलचा’ म्हणत फिरू नका, हा कराटेचा बेल्ट नाही.

नियमावली

खान ही श्रेणीची पद्धत थायलंडमधूनच आली आहे आणि तिच्यात श्रेणीनुसार रंग आहेत. पण असो, तारेचं आणि हनुवटीचं बरोबर लिहिलंय. माझ्याकडून तुम्हाला अर्धा गुण. मोंगखोन ठेवाच, कायदा सांगतो म्हणून.

अनुराधा_क

हौशी स्पर्धेत लाल आणि निळ्या कोपऱ्याला आयोजक एकेक मोंगखोन देतात, दिवसभर तेच दोन सगळ्यांच्या डोक्यावर जातात. आता यात कॅम्पचा कुठला, ख्रूचा कुठला? आणि मुलींच्या लढती मध्येच असतात. मुलीच्या डोक्यावरचा मोंगखोन पुढच्या मुलग्याला चढवतातच ना? कोणाचा ताईत नासल्याचं ऐकिवात नाही.

कोपरेवाला

आयोजकांचा असला तरी चढवायचा कोपऱ्यातल्या प्रशिक्षकानेच. स्वयंसेवकाने टेबलावरून उचलून डोक्यात कोंबायचा नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. दोनऐवजी चार ठेवा, म्हणजे आधीची जोडी घामाने भिजली की वाळायला वेळ मिळतो. कोपऱ्याच्या खांबावर वर अडकवा, बादलीशेजारी स्टुलावर नको.

अनुराधा_क

आणि मुलींचा कुठे अडकवू?

कोपरेवाला

त्याच खांबावर, ताई. त्याच.

गंगथडी

हे तुमच्या कॅम्पच्या ख्रूंना विचारून लिहिलंय की स्वतःच?